आखणी नसलेल्या गोधडीची तयारी

कार्यशाळेत आराखडा नाही, मोजपट्टी नाही. हात नेईल तसं कापायचं. पण त्यासाठी सामान मात्र काटेकोर लागतं, हे ऐकून नवरा हसला.

लाल आणि गडद निळं सुती कापड आधीच धुऊन घेतलं, नाहीतर रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. मग सगळे तुकडे पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. निम्मे एकाच राखाडी छटेत बुडाले! रंग वेगळे, उजळपणा सारखा. म्हणून फिकट कापडं आणखी शोधली. कटरला नवं पातं बसवलं. इंचभर चिंधी दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवली की अर्धाच इंच दिसते, त्यामुळे फार अरुंद तुकडे वगळले.

ते जांभळं फुलाफुलांचं कापड मला मुळीच आवडत नाही. तरी घेतलंय.