तुम्ही विचारलंत म्हणून: ते यान होतं का हो?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी बघून झाली, चहा आला, की हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी लोक विचारायचे, प्लूटोला ग्रहांतून का काढलं. त्यात राग असायचा, जणू घरातल्या माणसाला हाकलून दिलंय. हल्ली विचारतात, "मॅडम, ते बाहेरून आलेलं... ते खरंच परग्रहावरचं यान होतं का हो?" आवाज थोडा खाली आणून, म्हणजे मला काही आतलं माहीत आहे आणि ते मी चारचौघांत बोलणार नाही असं.

उत्तर आधी देते. नाही, यान नव्हतं. पण हे दोन शब्द ऐकून कुणी परत जात नाही, आणि जाऊही नये. कारण 'कशावरून?' हा पुढचा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

मुळात विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या वस्तूंचा काला झालेला असतो. आजवर सूर्यमालेबाहेरून आलेल्या तीनच वस्तू आपल्याला खात्रीने ओळखता आल्या आहेत. २०१७ मध्ये ओउमुआमुआ, २०१९ मध्ये बोरिसोव्ह आणि २०२५ मध्ये थ्री आय अ‍ॅटलस. बाहेरच्या आहेत हे कळलं ते वेगावरून. इतक्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला सूर्य धरून ठेवू शकत नाही. ती वळते आणि निघून जाते, परत येत नाही. याबद्दल कुणाचाच वाद नाही. वाद पुढे आहे.

मधल्या बोरिसोव्हबद्दल मला आजपर्यंत कुणीही विचारलेलं नाही. गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने क्रिमियातून, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने तो शोधला. आपल्याकडे लडाखमधल्या हानले आणि राजस्थानातल्या माउंट अबू इथल्या दुर्बिणींनीही त्याचं निरीक्षण केलं. पण त्याला व्यवस्थित शेपूट होती, तो धूमकेतूसारखा दिसत होता, तसाच वागत होता. मग त्यात कुणाला कशाला रस!

अ‍ॅटलसचं मात्र विचारू नका. १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीला तो दिसला. वेग सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर. काही आठवड्यांतच हार्वर्डचे अवी लोब यांनी तो यान असू शकेल अशी शंका मांडली. लोब कुणी लुंगेसुंगे नव्हेत. हार्वर्डच्या खगोलशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांनी एकेक विचित्र गोष्ट मोजून दाखवली. याचा मार्ग ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलापासून जेमतेम पाच अंशांनी कललेला आहे, योगायोगाने असं होण्याची शक्यता हजारात दोन. तो मंगळाच्या जवळून जातोय. वायूत निकेल दिसतंय आणि लोखंड दिसत नाही. शेपटीसारखं काहीतरी सूर्याच्या दिशेने आहे.

यातल्या पहिल्या आकड्याने लोक सर्वात जास्त हादरतात, म्हणून त्याबद्दल बोलते. एसटीच्या तिकिटाचा नंबर हातात आल्यावर 'नेमका हाच नंबर मिळण्याची शक्यता किती!' असा हिशेब केला तर तो लाखात एक येणारच. नंबर आधी सांगितला असता आणि मग तोच आला असता, तर गोष्ट वेगळी होती. धूमकेतूला मार्ग असतो, वेग असतो, येण्याची तारीख असते, रासायनिक घटक असतात. इतक्या गोष्टींपैकी एखादी विरळा निघणार नाही, असं होतच नाही.

निकेलचंही तेच. निकेलची वाफ बोरिसोव्हभोवती दिसली होती आणि आपल्या घरच्या धूमकेतूंभोवतीही. अ‍ॅटलस सूर्याच्या जवळ गेला तसं लोखंडही दिसू लागलं. जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचा मोठा ढग दिसला. पाण्याच्या मानाने कार्बन डायऑक्साइड इतका जास्त असणं खरोखरच वेगळं आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली खरी रंजक गोष्ट ती आहे. कुठल्या तरी दुसऱ्या ताऱ्याभोवती, फार थंड जागी, कोट्यवधी वर्षांपूर्वी गोठलेला बर्फ आपल्या अंगणात येऊन वितळत होता. पण एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो.

मग आला ऑक्टोबर, आणि अफवांना सगळं खतपाणी एकदम मिळालं. १ ऑक्टोबरपासून अमेरिकी सरकारचं कामकाज निधीअभावी ठप्प झालं. नेमका ३ ऑक्टोबरला अ‍ॅटलस मंगळाजवळून गेला. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्याची छायाचित्रं घेतली, पण ती प्रसिद्ध करायला कार्यालयात माणसं नव्हती. १९ नोव्हेंबरला नासाने पत्रकार परिषद घेऊन चित्रं दाखवली आणि हा धूमकेतू आहे असं सांगितलं. तोपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'नासा लपवतंय' हे पक्कं झालं होतं. २४ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीने १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर अ‍ॅटलसची खूण टिपली. ग्रुपवर मथळा आला: 'यानाकडून रेडिओ संदेश!' या दोन वारंवारता हायड्रॉक्सिलच्या आहेत. सूर्याच्या उन्हात पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल तयार होतं. शिवाय तिथून काही प्रसारण होत नव्हतं, उलट तो वायू मागून येणाऱ्या रेडिओ लहरी शोषून घेत होता. म्हणजे धूमकेतूत पाणी आहे याचा धडधडीत पुरावा, आणि तोच पुरावा यानाच्या खात्यावर जमा झाला!

अ‍ॅटलसची गोष्ट मी एवढ्यावर संपवते. ओउमुआमुआची इतक्या सहज संपत नाही.

१९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या हलेआकाला पर्वतावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत रॉबर्ट वेरिक यांना हा ठिपका दिसला, तेव्हा तो सूर्याला वळसा घालून परत निघालाही होता. जानेवारी २०१८च्या सुरुवातीनंतर तो कुठल्याच दुर्बिणीला दिसला नाही. एवढ्या दिवसांत जे मोजता आलं ते आलं. त्याचं तेज काही तासांत सुमारे दहापट कमी-जास्त होत होतं, म्हणजे आकार फारच लांबट किंवा फारच चपटा. तो गडगडत चालला होता. शेपूट नाही, धूळ नाही. आणि जून २०१८ मध्ये मार्को मिकेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसत्या गुरुत्वाकर्षणाने जिथे असायला हवा होता तिथे तो नव्हता. सूर्यापासून दूर ढकलणारा एक बारीकसा जोर त्याच्यावर होता, सूर्याच्या ओढीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. धूमकेतूवर असा जोर येतो, कारण उन्हाने तापलेल्या बाजूने वायूचे फवारे सुटतात. इथे फवारा दिसत नव्हता आणि जोर होता.

(तुमच्या डोळ्यांसमोर जो तांबूस, लांबुळका, खडबडीत दगड येतोय ना, ते चित्रकाराने काढलेलं चित्र आहे. प्रत्यक्षात ओउमुआमुआ कुठल्याही दुर्बिणीला एका ठिपक्यापलीकडे दिसला नाही. त्या चित्राने जेवढा गोंधळ घातला तेवढा लोब यांनीही घातला नसेल.)

नोव्हेंबर २०१८ मध्ये श्मुएल बिअ‍ॅली आणि अवी लोब यांनी लिहिलं की हा जोर सूर्यप्रकाशाच्या दाबाचा असू शकेल. त्यासाठी वस्तू प्रचंड पातळ हवी, जाडी मिलीमीटरहूनही कमी. असं नैसर्गिकरीत्या काही बनतं का? मग हे कुणीतरी बनवलेलं प्रकाशशीड तर नव्हे? हा शोधनिबंध मला मूर्खपणाचा वाटत नाही. गणित बरोबर आहे आणि प्रश्न रास्त आहे. माझी अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. कुणी म्हणालं, शीड असेल तर ते सूर्याकडे तोंड करून राहायला हवं, गडगडत कसं जाईल? उत्तर आलं, मोडकं, टाकून दिलेलं शीड असेल. रेडिओ दुर्बिणींनी कान लावला, काही ऐकू आलं नाही. बरोबरच आहे, मोडकं ते बोलणार कसं! म्हणजे शीडासारखं वागलं तर शीड, नाही वागलं तर बिघडलेलं शीड. अशा विधानाला चूक ठरवणारी एकही शक्यता उरत नाही, आणि म्हणून ते बरोबर ठरण्यातही काही राम राहत नाही.

इथे मला नेहमी डॉ. जयंत नारळीकर आठवतात. पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना द्यायच्या, त्यातली हुशार मुलं कुठली आणि मतिमंद कुठली ते त्यांनी सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढी आलीच असती. पण या चाचणीतली मला आवडणारी गोष्ट निकाल नाही. काय झालं तर ज्योतिष खरं मानायचं हे आधी ठरलेलं होतं, ती आहे. आणि हेच नारळीकर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव अंतराळातून आले असतील या, बहुतेकांना न पटणाऱ्या कल्पनेमागे होते. त्यासाठी जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत बलून पाठवून तिथली हवा डब्यांत भरून आणली गेली. जगावेगळी कल्पना असायला हरकत नाही, तिच्यासाठी बलून सोडायची तयारी हवी. लोबही २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळ समुद्रात उल्केचे कण शोधायला गेले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्या उल्केचा म्हणून धरलेला भूकंपमापकावरचा एक धक्का बहुधा रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा होता असं नंतर दुसऱ्यांनी दाखवलं, हेही.

ओउमुआमुआबद्दल साधी स्पष्टीकरणंही बरीच सुचवली गेली. गोठलेला हायड्रोजन, गोठलेला नायट्रोजन. २०२३ मध्ये जेनिफर बर्गनर आणि डॅरिल सेलिगमन यांनी सांगितलं की वाटेत किरणांचा मारा होऊन पाण्याच्या बर्फात हायड्रोजन अडकला असेल आणि उन्हाने तो गुपचूप सुटला असेल, धूळ न उडवता. पटतं का? मला बरंचसं पटतं. त्याहून जास्त वजन मी दुसऱ्या गोष्टीला देते. आपल्याच सूर्यमालेत आता डझनाहून जास्त अशा लहानग्या वस्तू सापडल्या आहेत, ज्यांना शेपूट नाही, धूळ नाही, तरी असाच न दिसणारा ढकला बसतो. त्यांना गडद धूमकेतू म्हणतात. २०१७ मध्ये जे अघटित वाटत होतं ते घरच्याच वस्तू करतात असं निघालं. ओउमुआमुआचं कोडं याने सुटलं असं मी म्हणणार नाही. ठिपका निघून गेला, आता त्याला विचारता येत नाही.

"पण खरंच यान आलं तर तुम्हाला ओळखता तरी येईल का?" असं एकदा एका कॉलेजच्या मुलाने विचारलं. प्रश्न झकास होता आणि त्याचं उत्तरही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच पॅन-स्टार्सला २०२० एसओ नावाचा 'लघुग्रह' सापडला. कक्षा पृथ्वीसारखीच, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने तो दगडाला शोभणार नाही इतका ढकलला जात होता. कक्षा मागे मोजत नेली तर ती १९६६ मध्ये चंद्राकडे सोडलेल्या सर्व्हेयर-२ च्या उड्डाणापाशी पोचली. त्याच्या सेंटॉर रॉकेटचा रिकामा टप्पा होता तो. विष्णू रेड्डी आणि सहकाऱ्यांनी त्याचा वर्णपट दुसऱ्या जुन्या सेंटॉरशी ताडून पाहिला, जुळला. म्हणजे आकाशातली पोकळ, बनवलेली वस्तू दगडांच्या गर्दीतून ओळखता येते, आपण ती ओळखलेली आहे. फक्त ती आपलीच होती.

आणखी एक बाजू आहे. दुसऱ्यांच्या आकाशात आपणही वस्तू सोडल्यात. व्हॉयेजर १ २०१२ मध्ये ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. त्यावरच्या तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये एक मराठीतही आहे. पण त्या यानाचा अँटेना ३.७ मीटरचा. अशी वस्तू परक्या सूर्यमालेतून गेली तर तिथल्या लोकांना, आपल्यासारख्याच दुर्बिणी असल्या तर, ती अगदी उशाशी आल्याखेरीज दिसायची नाही. ओउमुआमुआ शंभरेक मीटरचा होता म्हणून दिसला. तेव्हा कुणाचं यान आपल्या सूर्यमालेतून कधी गेलंच नाही, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. जे दिसण्याइतकं मोठं असतं त्यात दगड आणि बर्फच जास्त असणार, एवढंच म्हणते.

चिलीतली व्हेरा रुबिन दुर्बीण आता कामाला लागली आहे, तेव्हा असे पाहुणे वरचेवर सापडतील आणि प्रत्येकाबरोबर हा प्रश्नही येईल. युरोपीय आणि जपानी अंतराळ संस्थांचं कॉमेट इंटरसेप्टर हे यान २०२९च्या सुमाराला सोडायचा बेत आहे. ते अवकाशात थांबून राहील आणि योग्य पाहुणा सापडला तर थेट त्याच्याकडे जाईल. तोवर ज्यांना हौस आहे त्यांच्याशी मी पैज लावायला तयार आहे. पुढचे दहाच्या दहा पाहुणे बर्फ नाहीतर दगड निघतील. मात्र काय दिसलं तर यान म्हणायचं, ते तुम्ही आधी कागदावर लिहून द्यायचं. वायू न सोडता वळणं, धातूच्या पत्र्याचा वर्णपट, अरुंद पट्ट्यातला रेडिओ संदेश, काय हवं ते लिहा. तारीख घाला, खाली सही करा. कागद माझ्याकडे राहील.