इंटरव्हलची वाट पाहणारी गर्दी

बाराच्या खेळाला ४२० खुर्च्यांत ३१ माणसं आणि बाहेर पानठेल्यावर चाळीसेक पोरं. तिकीट खिडकीकडे मात्र एकही फिरकेना. मुंबईच्या एका बड्या स्टुडिओचा चित्रपट, तोही पहिला शुक्रवार. याच स्टुडिओच्या एका जुन्या चित्रपटाला रेटारेटीत आमच्या टॉकीजच्या खिडकीची जाळी वाकली होती, ती अजून तशीच आहे.

दीडला इंटरव्हल झाला. एक जण बाहेर आला.

"कसा हाय बे?"

"सव्वा घंटा झाला, हिरो हेलिकॉप्टरातून उतरूनच रायला!"

दहा मिनिटांत ठेला रिकामा. तीनला तिकिटं फाटली ९.

८० रुपयांच्या ३१ तिकिटांचे २,४८०. त्यातून ५ टक्के जीएसटीचे ११८ वजा, उरलेल्या २,३६२ चा निम्मा हिस्सा वितरकाचा. हाती ११८१. वीज, प्रोजेक्टरचा दिवा आणि चार माणसांची रोजी धरून एका खेळाचा खर्च २,२०० च्या घरात. म्हणजे ३१ माणसं असूनही हजाराचा खड्डा. (२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ चा ५ झाला. खुर्ची रिकामी असली की त्याचा उपयोग शून्य.)

खेळ बदलता आला असता तर निभावलं असतं. पण वितरकाची अट होती चारही खेळ, दोन आठवडे. शिवाय चित्रपट डिस्कवर आधी आला तरी तो उघडणारी डिजिटल किल्ली आमच्याच सर्व्हरपुरती आणि ठरल्या वेळेपुरती असते; शुक्रवार सकाळच्या आधी ती चालत नाही. त्यामुळे गुरुवारी रात्री पडद्यावर लावून पाहायची सोय नाही. करार करणारा टॉकीजवाला आणि तिकीट काढणारा गिऱ्हाईक, दोघंही न पाहताच पैसे लावतात. पोरांनी निदान इंटरव्हलपर्यंत थांबायची युक्ती काढली.

प्रत्येक खेळाचा आकडा फोनवर अमरावतीला जातो, कारण सी.पी. बेरार सर्किटचा, म्हणजे आमच्या भागातल्या चित्रपट वितरणाचा, व्यवहार तिथून चालतो. "रविवार पाहा," उत्तर आलं. शहरात रविवार चालतो; आमच्याकडे बाजाराचा दिवस, हाती कापूस वेचणीचे पैसे आल्यावर. आणि दुचाकीचं पेट्रोल, दोन तिकिटं, समोसे मिळून चारशेला जाणारं जोडपं मोठ्या नावावर आता पैसे टाकत नाही. तेच नाव, तीच मारामारी, ट्रेलरमध्ये अर्धी गोष्ट, आणि आठ आठवड्यांनी मोबाइलवर येणारच. ॲपवर हाऊसफुल्ल दिसतं त्यातली निम्मी तिकिटं चित्रपटाची कंपनीच घेते, असं ठेल्यावर सर्रास बोललं जातं. खरं-खोटं कोणी तपासत नाही, आकड्यावरचा विश्वास मात्र उडतो.

सहाच्या खेळाला ६. रद्द केला, पैसे परत. वितरकाशी तासभर घासाघीस होऊन सोमवारपासून आमचे दोन खेळ अटीतून सुटले. बाराचा सोडला नाही त्याने.