तुम्ही विचारलंत म्हणून: ते घर कॉर्बुझिएचं नाही

ई-1027 या घराचा फोटो दाखवला की कुणीतरी विचारतंच, "हे ल कॉर्बुझिएचं ना?" म्हणजे आधुनिक वास्तुकलेतल्या त्या गाजलेल्या वास्तुरचनाकाराचं. नाही. दक्षिण फ्रान्समध्ये रोकब्रून-कॅप-मार्तँच्या खडकाळ किनाऱ्यावर 1926 ते 1929 या काळात उभं राहिलेलं हे घर आयलीन ग्रे या फर्निचर आणि घरं रचणाऱ्या बाईचं आहे. सही नावातच आहे. ई म्हणजे आयलीनचं (Eileen) पहिलं अक्षर, 10 म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं दहावं अक्षर जे, 2 म्हणजे बी आणि 7 म्हणजे जी. मधली दोन अक्षरं तिचा वास्तुरचनाकार मित्र जाँ बादोविसी याची.

"पण खांबांवरचं घर, सपाट गच्ची, आडव्या खिडक्या, हे तर त्याचंच!" हो, ते त्याच्याकडूनच आलं. बादोविसीचा वाटाही होता, आणि 1929 मध्ये घर छापून आलं तेव्हा दोघांचीही नावं होती. हे लपवून ग्रे मोठी होत नाही. पण घर म्हणजे राहण्याचं यंत्र, हे कॉर्बुझिएचं म्हणणं तिला मान्य नव्हतं, आणि ते आत गेल्यावर कळतं. दारातून खोली एकदम दिसत नाही, आधी आडोशाची वळणदार भिंत लागते. 'सावकाश आत या' असं स्टेन्सिलने लिहिलेलं आहे. उशा कुठल्या खणात, तेही खणावरच. कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून चहाच्या टेबलावर बुचाचा थर. एका खुर्चीला एकच हात, म्हणजे दुसऱ्या अंगाने मोकळं वळता येतं. भिंतीवरच्या गोल आरशाला छोटा आरसा जोडलेला, मानेमागचं दिसावं म्हणून.

आणि ते टेबल, ज्याच्या नकला जगभर विकल्या जातात. सुमारे 50 सेंटिमीटर व्यासाची काच, खाली पोलादी नळीची तशीच गोल कडी, आणि दोन्हींना जोडणारा आधार फक्त एका बाजूला. त्यामुळे कडी पलंगाखाली सरकते आणि काच अंथरुणावर येते. नळीत नळी सरकवून उंची ठरवायची, भोकात खीळ घालायची. खीळ हरवू नये म्हणून तिला साखळी. नकलांमध्ये बिघडतं ते इथेच. कडी लहान केली की वजन तिच्या बाहेर पडतं आणि टेबल कलंडतं. नळ्या सैल बसल्या की काच एका अंगाला झुकते.

ग्रेच्या हातात ही सफाई आली कुठून? लॅकरच्या कामातून. ही आपली किड्याची लाख नव्हे, झाडाचा चीक. आयर्लंडमध्ये 1878 साली जन्मलेली ग्रे पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे हे काम शिकली. हा चीक नुसता वाळत नाही, तो दमट, उबदार हवेत घट्ट होतो. हवा कोरडी असली तर चिकटच राहतो, थर जाड झाला तर सुरकुततो, धुळीचा कण बसला तर तो थर घासून काढावा लागतो. लाकडाच्या एकाच बाजूला लावला तर फळी वाकते. ओला चीक अंगाला लागला की पुरळ उठतं. असे वीस-तीस थर द्यायचे, मधेमधे घासायचं. ज्या बाईने इतकी वर्षं एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळवण्यात घालवली, तिची मोकळी भिंत म्हणजे उरलेली जागा नव्हती. तिथे काम पूर्ण झालेलं होतं.

म्हणून 1938-39 ची गोष्ट अजून सहन होत नाही. ग्रे तोवर तिथून निघून गेली होती, घर कागदोपत्री बादोविसीचं होतं. त्याच्या संमतीने कॉर्बुझिएने तिच्या पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. उघड्याने रंगवतानाचा त्याचा फोटोही आहे. ग्रेला विचारलं नाही. तिच्या लेखी ती नासधूस होती. पुढे त्याने त्या चित्रांचे फोटो छापले, आणि घर कुणी रचलं ते सांगितलं नाही. वाचणाऱ्यांनी घर आधी बादोविसीचं मानलं, मग हळूहळू कॉर्बुझिएचंच. तुमचा प्रश्न तिथून आलाय. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या गोळ्यांनीही त्या भिंतींना भोकं पाडली. ती बुजवता आली. नाव परत यायला मात्र 1968 उजाडलं, वास्तुकलेचा इतिहासकार जोसेफ रिक्वर्टने तिच्यावर लेख लिहिला तेव्हा ती नव्वदीला पोहोचली होती.

पूर्वी मी म्हणत असे, खरवडून काढा ती चित्रं. आता म्हणत नाही. खरवडली तर तिचा मूळ गिलावाही जाईल. शिवाय हे घर पडझडीतून वाचलं त्यात कॉर्बुझिएच्या नावाचा हात आहेच. आणि "तिला डावललं" एवढं म्हणूनही मला सुटता येत नाही. जमीन तिनेच बादोविसीच्या नावावर घेतली. पॅरिसमध्ये 1922 साली दुकान काढलं तेही 'जाँ देझेर' या, अस्तित्वातच नसलेल्या पुरुषाच्या नावाने. ती स्वतःच मागे राहिली म्हणावं, तर त्या काळी बाईला पुढे येऊ कोण देत होतं? दोन्ही बाजूंनी मी भांडते आणि दोन्हीकडे हरते.

चित्रं काढा असं आता म्हणवत नाही. राहू द्या, असंही तोंडातून निघत नाही.