गाडी चालती राहावी म्हणून: जुन्या मोटारींच्या क्लबचे वर्षभराचे काम

थंडीच्या दिवसांतल्या एखाद्या रविवारी पुण्याच्या रस्त्यांवरून जुन्या मोटारींची रांग निघते, लोक थांबून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यातला एखादा छापून येतो, आणि आमचा क्लब म्हणजे एवढेच, असा बहुतेकांचा समज होतो. क्लबच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि माझे मत असे झाले आहे, की रॅली ही या कामाची फक्त दिसणारी बाजू आहे. जुनी मोटार आच्छादन घालून बंद ठेवली की आतून खराब होऊ लागते. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, ऑइल सील सुकून तडकतात, अर्धवट भरलेल्या टाकीत गंज धरतो आणि तोच गंज पुढे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, जाऊन बसतो. गाडी टिकवायची असेल तर ती चालवावी लागते, आणि ती चालती राहावी म्हणून मालकाला सुटे भाग, जाणकार मिस्त्री आणि बिनचूक कागदपत्रे या तिन्ही गोष्टी हाताशी लागतात. एकट्या माणसाला हे जमवणे अवघड जाते, आणि क्लबची खरी गरज आहे ती इथे.

क्लबची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्ही कायद्यांखाली झालेली आहे. त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेबपत्रके सादर करणे आणि कार्यकारिणी बदलली की फेरफार अर्ज देणे, ही कामे कोणत्याही संस्थेप्रमाणे आम्हालाही चुकत नाहीत. ही कामे कंटाळवाणी वाटली तरी ज्या खजिनदारांनी आणि सचिवांनी ती नेटाने केली, त्यांच्यामुळेच संस्था उभी आहे, हे मी आवर्जून नमूद करतो.

सुट्या भागांचा विषय मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्रात कोणत्या जुन्या गाड्या सापडतात याला मुंबईच्या कारखान्यांचा इतिहास कारणीभूत आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली आणि ती १९५४ पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या शेव्हरोले आणि ब्यूक गाड्या आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून भेटतात, त्यामागे ही जुळणी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या, आणि १९५० च्या दशकातल्या फियाट ११०० या मॉडेलला तिच्या पुढे आलेल्या नाकामुळे मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे पद्मिनी आली, तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या झाल्या, आणि त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

या इतिहासाचा परिणाम आम्हाला रोज जाणवतो. फियाटच्या इंजिनाचे भाग अजून मिळतात, कारण गाड्याही भरपूर बनल्या आणि त्यांच्यावर हात बसलेले कारागीरही भरपूर होते. स्टँडर्ड हेराल्डच्या मालकाला जास्त शोधाशोध करावी लागते, आणि महायुद्धापूर्वीच्या अमेरिकन गाडीचा एखादा दिवा किंवा दाराची मूठ हरवली तर शोध वर्षानुवर्षे चालतो. बुधवारी आणि रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार, नाना पेठेतली दुकाने, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस परिसरातली मोटारींच्या सामानाची दुकाने ही आमची नेहमीची ठिकाणे आहेत. क्लबने याला जोड दिली ती एका नोंदवहीची. कोणत्या सभासदाकडे कोणत्या गाडीचा कोणता जादा भाग पडून आहे, कोणाला काय हवे आहे, कोणता टर्नर जुन्या मापाची आटी पाडून देतो, कोणता कारखानदार रबराच्या पट्ट्या ओतून देतो, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. काचेभोवतीच्या रबराचा एकच नग कोणीही करून देत नाही, कारण साच्याचाच खर्च मोठा असतो. तीच मागणी दहाबारा मालकांनी एकत्र दिली की काम होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम परवडते. बेअरिंगच्या बाबतीत तर अनेकांना सुखद धक्का बसतो, कारण बेअरिंगची मापे ठरावीक असतात. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक पुसट झाला असला तरी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून दिली तर पुष्कळदा आजही त्याच मापाचे नवे बेअरिंग दुकानातून मिळते.

मिस्त्रींविषयी लिहिताना मला थोडी काळजी वाटते, कारण या गाड्यांवर काम शिकलेली पिढी आता वयस्कर झाली आहे. आमच्याकडे येणारे एक ज्येष्ठ मिस्त्री गाडीची तपासणी कशी करतात, ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. इंजिन गरम झाले की ते सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी कागदाचा एक पातळ कपटा धरतात. कागद एकसारखा बाहेर फडफडत राहिला तर ते मान हलवतात. तो मध्येच नळीकडे ओढला गेला तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला आहे किंवा नीट बसत नाही, असा संशय ते व्यक्त करतात आणि मग एकेका प्लगची वायर काढून तो कोणत्या सिलिंडरचा आहे ते शोधतात. त्यानंतर प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वीज पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी निघते, इंजिन हँडलने हळूहळू फिरवले जाते, आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे विजेचे संपर्क, जिथे जास्तीत जास्त उघडतात तिथे ते थांबवतात आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, पाती त्या फटीतून सरकवतात. फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी लागते. पाती सरकताना बोटाला किंचित अडल्यासारखी लागली पाहिजे. ती मोकळी गेली तर फट जास्त आहे आणि रेटावी लागली तर कमी. हे ‘किंचित’ म्हणजे किती, ते कोणत्याही पुस्तकात वाचून कळत नाही. ते शेजारी उभे राहून, स्वतःच्या हाताने करूनच येते. म्हणून आम्ही महिन्यातून एका रविवारी एका सभासदाच्या गॅरेजमध्ये जमतो आणि मिस्त्रींना रीतसर मानधन देऊन बोलावतो. जो माणूस आपल्या हातातली विद्या दुसऱ्याला देतो त्याला मोबदला मिळालाच पाहिजे, हा नियम क्लबने पहिल्यापासून पाळला आहे आणि तो कधी सोडू नये असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रांच्या बाबतीत १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने बरीच स्पष्टता आणली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये आहे, नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे, आणि नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. मुंबई राज्याच्या काळातला ‘बीएम’ने सुरू होणारा क्रमांक हा त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग असतो आणि तो राहतो, ही तरतूद मला फार मोलाची वाटते. अशा नोंदणीची गाडी नियमित वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. म्हणून गाडी रोजच्या कामाला वापरणाऱ्या सभासदाला आम्ही घाई न करण्याचा सल्ला देतो. क्लबचे दोन अनुभवी सभासद अर्जाची तयारी करून घेण्यात मदत करतात, आणि वडिलोपार्जित गाडी आजोबांच्याच नावावर राहिलेली असेल तर आधी वारसाहक्काची कागदपत्रे पूर्ण करा, हे पहिल्याच भेटीत सांगतात. अडचण बहुधा तिथेच येते.

आता रॅलीविषयी. रॅली म्हणजे शर्यत नव्हे, हे दरवर्षी नव्याने सांगावे लागते. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरमध्ये १९०५ पूर्वीच्या गाड्यांची जी प्रसिद्ध फेरी निघते, तिच्यातही पहिला क्रमांक दिला जात नाही. गाडी स्वतःच्या बळावर पोहोचली, याचाच सन्मान होतो. आमचे धोरणही तेच आहे. वाहतूक पोलिसांची परवानगी मिळाली की दोन सभासद पूर्ण मार्गावर गाडी नेऊन चढ, उतार, खड्डे आणि थांबण्याच्या जागा टिपून आणतात. संथ गाड्यांना आधी सोडायचे आणि वेगवान गाड्यांना शेवटी, म्हणजे सगळ्या साधारण एकाच सुमारास पोहोचतात आणि कोणी मागे एकटे पडत नाही. ताफ्याच्या मागे मिस्त्री, पाण्याचे कॅन, दोर आणि गाडी वाहून नेणारी ट्रॉली असते.

दिवे घाटातून सासवडकडे जाण्याचा मार्ग देखणा आहे, पण तो ठरवताना पुष्कळ विचार करावा लागतो. फार जुन्या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक नसतात, त्यामुळे उताराचा विचार चढाइतकाच महत्त्वाचा ठरतो. फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्या, पण तिला पेट्रोलचा पंपच नव्हता. पुढच्या आसनाखालच्या टाकीतून पेट्रोल केवळ उताराने कार्ब्युरेटरकडे जात असे. टाकीत पेट्रोल कमी असताना चढ तीव्र लागला तर कार्ब्युरेटर टाकीपेक्षा वर जाई आणि इंजिन बंद पडे, म्हणून त्या काळचे चालक असा चढ रिव्हर्समध्ये चढत. पंप असलेल्या गाड्यांचा त्रास निराळा असतो. उन्हात, घाटात, इंजिन तापून पेट्रोलची वाफ नळीत अडकते आणि गाडी निमूटपणे थांबते. तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ धीर धरणे हाच उपाय असतो. यामुळे आम्ही सकाळी लवकर निघतो आणि ऊन चढण्यापूर्वी घाट पार करतो.

बक्षिसांच्या बाबतीत मी थोडे ठामपणे लिहितो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिवा) वर्गवारीत १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या व्हिंटेज मानल्या जातात आणि १९३१ ते १९४५ च्या गाड्यांचा पुढचा वर्ग असतो. आम्हीही साधारण हीच विभागणी स्पर्धेसाठी वापरतो, म्हणजे १९२८ च्या गाडीची तुलना १९६८ च्या फियाटशी होत नाही. मात्र वर्ग नीट पाडले तरी परीक्षकाची नजर सगळ्यात चकचकीत गाडीकडे जाते, हा अनुभव आहे. पूर्वी आमच्या गुणपत्रिकेत रंग आणि क्रोम यांना भरपूर गुण असत. परिणामी लोक चांगला पत्रा खरवडून, लांबी (पुट्टी) भरून, त्या काळी अस्तित्वातच नसलेल्या झगमगीत रंगात गाड्या रंगवू लागले, आणि ज्या गाडीचे कारखान्यातले रेक्झिन आणि छताचे कापड सांभाळलेले होते ती मागे पडू लागली. हे योग्य नव्हते. एकदा काढून टाकलेले मूळ अस्तर पुन्हा मिळत नाही, आणि पुढच्या पिढीला ती गाडी कशी बनली होती हे समजण्याचा तोच एक पुरावा असतो. पुष्कळ चर्चेनंतर गुणपत्रिका बदलली. आता मूळ भाग टिकवण्याला सर्वाधिक गुण आहेत, गाडी स्वतः चालत आली याला स्वतंत्र गुण आहेत, आणि ट्रॉलीवरून आलेली गाडी प्रदर्शनात राहते पण पहिल्या बक्षिसाला पात्र ठरत नाही. काही सभासदांना हा निर्णय कठोर वाटला. मला तो आजही बरोबर वाटतो.

सध्या आमच्या बैठकांमध्ये सर्वांत जास्त चर्चा इंधनाची होते. देशातून शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये गेले तेव्हा शिशाअभावी जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या धातूच्या बैठका (सीट) झिजतील अशी धास्ती होती, आणि पुष्कळ मालकांनी इंजिन बांधताना कठीण धातूच्या बैठका बसवून तो प्रश्न सोडवला. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर आले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मऊ करते, त्यामुळे गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली पॅकिंग यांना धोका असतो. क्लबने सभासदांना तीन गोष्टी लेखी कळवल्या आहेत: पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी बदलाव्यात, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा, आणि गाडीत लहान अग्निशामक नळकांडे अवश्य ठेवावे. तिसऱ्या सूचनेबाबत आता आम्ही आग्रही आहोत. नळकांडे नसेल तर गाडीला रॅलीत प्रवेश मिळत नाही.

पावसाळ्यात रॅली नसते, तेव्हा गॅरेजमधल्या रविवारांना वेळ जास्त मिळतो. या वर्षी फियाट ११०० चे कार्ब्युरेटर पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा जोडण्याचे काम ठरवले आहे, आणि मिस्त्रींच्या संमतीने त्याचे चित्रीकरणही होणार आहे. अभियांत्रिकी आणि आयटीआयचे विद्यार्थी यावेत अशी आमची इच्छा आहे. सभासद होण्यासाठी स्वतःची जुनी गाडी असावी लागत नाही, आणि विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेतली जात नाही.