नावाखालच्या चार ओळी

आपल्या वस्तीत वाढलेल्या किंवा तिथे राहून मोठे काम केलेल्या माणसांची नावे पदपथावर कायमची कोरून ठेवावीत, ही कल्पना मला मनापासून आवडते. सत्काराचा समारंभ एका संध्याकाळी संपतो आणि मानपत्र घरातल्या भिंतीवर जाते. रस्त्यावरचे नाव मात्र शाळेत जाणाऱ्या मुलांच्या रोज डोळ्यांसमोर राहते. पण असा ‘वॉक ऑफ फेम’ उभारताना बहुतेकांच्या मनात हॉलिवूडचाच नमुना असतो, आणि लहान समाजाने तो जसाच्या तसा उचलू नये, असे माझे ठाम मत आहे.

हॉलिवूडच्या वाणिज्य मंडळाचे अध्यक्ष ई. एम. स्टुअर्ट यांनी १९५३ साली ही योजना सुचवली, १९६० मध्ये बांधकामाला औपचारिक सुरुवात झाली आणि आज तिथे पदपथात बसवलेले २,७०० हून अधिक तारे आहेत. प्रत्येक ताऱ्यात पितळी अक्षरांत नाव असते आणि चित्रपट, संगीत अशा क्षेत्राचे एक चिन्ह असते. त्या माणसाने नेमके काय केले हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, असे तिथे गृहीत धरलेले आहे. जगप्रसिद्ध नटाच्या बाबतीत ते चालून जाते. चाळीस वर्षे बाळंतपणे करणारी परिचारिका किंवा एका साध्या शाळेतून खेळाडूंच्या पिढ्या घडवणारा शिक्षक यांचे केवळ नाव कोरले, तर वीस वर्षांनी ते कोणाचे, हे सांगणारा माणूसही उरत नाही.

म्हणूनच मला अमेरिकेतल्याच सेंट लुईस शहराचा नमुना अधिक मोलाचा वाटतो. जो एडवर्ड्स या स्थानिक व्यावसायिकाने १९८८ मध्ये तिथल्या डेलमार रस्त्यावर हा उपक्रम सुरू केला आणि प्रत्येक ताऱ्यासोबत त्या व्यक्तीच्या कार्याची थोडक्यात ओळख देणारी कांस्यपट्टी बसवण्याची पद्धत ठेवली. निवडीचा निकषही स्पष्ट आहे: व्यक्तीचा जन्म त्या शहरात झालेला असावा किंवा तिच्या जडणघडणीची वा निर्मितीची वर्षे तिथे गेलेली असावीत, आणि तिच्या कार्याचा ठसा देशाच्या सांस्कृतिक जीवनावर उमटलेला असावा. १९८९ मधल्या पहिल्या यादीत आयुष्यभर त्याच परिसराशी जोडलेले गायक-गिटारवादक चक बेरी आहेत, तसेच १८८८ साली तिथे जन्मून पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले कवी टी. एस. एलियटही आहेत. ‘आपला माणूस’ कोणाला म्हणायचे हा वाद एका वाक्याच्या नियमाने मिटतो. लहान वस्तीने मात्र देशपातळीची अट सोडून द्यावी, कारण ज्यांचे काम चार गल्ल्यांच्या पलीकडे गेले नाही, पण त्या गल्ल्यांचे जगणे ज्यांनी बदलले, त्यांच्यासाठीच तर हा मार्ग असायला हवा.

पैशाच्या बाबतीत तडजोड नसावी. हॉलिवूडमध्ये निवड झाल्यावर प्रायोजकाला मोठे शुल्क भरावे लागते. ते आज ७५ हजार डॉलरपेक्षा कमी नाही. स्थानिक उपक्रमात सन्मानित व्यक्तीकडून किंवा तिच्या कुटुंबाकडून एक पैसाही घेतला, तर लोकांचा निवडीवरचा विश्वास उडतो.

लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर लावल्या जाणाऱ्या निळ्या फलकांसाठी व्यक्तीच्या निधनाला किमान वीस वर्षे झालेली असावी लागतात. घाईने कोणी निवडला जाऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे, परंतु ज्या निवृत्त शिक्षकाला स्वतःचे नाव पाहण्याचा आनंद मिळू शकतो, त्याला मृत्यूपर्यंत थांबवणे मला पटत नाही. त्याच लंडनमध्ये १८६७ साली कवी बायरन यांच्या जन्मस्थळी पहिला फलक लागला आणि १८८९ मध्ये ते घरच पाडले गेले, म्हणून प्रत्येक नोंदीची प्रत वाचनालयात जपून ठेवलेली बरी.

नाव पायाखाली असावे का, हाही प्रश्न आहे. मुहम्मद अली यांनी आपल्या नावावरून कोणी चालू नये अशी इच्छा व्यक्त केल्यामुळे २००२ मध्ये हॉलिवूडमधला त्यांचा तारा भिंतीवर बसवण्यात आला. हाँगकाँगच्या ‘अव्हेन्यू ऑफ स्टार्स’वर जमिनीतले हातांचे ठसे नूतनीकरणानंतर कठड्यावर आले आणि २०१९ मध्ये तो मार्ग पुन्हा खुला झाला. मलाही कंबरेइतक्या उंचीचा कठडाच योग्य वाटतो. तिथे अक्षरे झिजत नाहीत, चाकाच्या खुर्चीतून ती वाचता येतात आणि नावाखाली चार ओळी लिहायला जागा उरते. त्या ओळी त्या माणसाचे काम जवळून पाहिलेल्यांनी लिहाव्यात, दुसऱ्या कोणी तपासून घ्याव्यात आणि वर्षाला दोन-तीनच नावे घ्यावीत, म्हणजे प्रत्येकासाठी तेवढा वेळ देता येईल.