मी जायंट्सची, पण माझं मत रेजी व्हाइटला

न्यू जर्सीत राहायचं, रविवारी न्यू यॉर्क जायंट्सची निळी टोपी घालायची आणि वर म्हणायचं की अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत थोर बचावपटू जायंट्सचा लॉरेन्स टेलर नसून रेजी व्हाइट आहे! ऑफिसात जेवताना हे बोलले, तर नाशिकच्या आमच्या एका मित्राने डबा बाजूला सारून मला तिथल्या तिथे सूर्याजी पिसाळ ठरवलं. व्हाइट खेळला फिलाडेल्फिया ईगल्सकडून, आणि ईगल्स म्हणजे आमचे सख्खे वैरी. या राज्याची उत्तरेकडची बाजू जायंट्सची, दक्षिणेकडची ईगल्सची. आम्ही मधोमध राहतो, त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नाही.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोनच ओळी. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. ती भिंत फोडून, त्याने चेंडू फेकायच्या आत त्याला पाडलं की झाला सॅक. बचावपटूच्या नावावर चटकन दाखवता येतो तो हा आकडा, आणि सगळ्या वादांचं मूळही तोच. तो अधिकृतपणे मोजायला लागले १९८२पासून. म्हणजे साठच्या दशकात रॅम्सकडून खेळताना क्वार्टरबॅकांची झोप उडवणाऱ्या डीकन जोन्सच्या खात्यावर अधिकृत सॅक किती? शून्य! हौशी अभ्यासकांनी जुने कागद आणि चित्रफिती धुंडाळून त्याचे १७३.५ मोजलेत, पण ते वेगळ्या वहीत.

आता टेलर. त्याला कमी लेखायचा माझा मुळीच इरादा नाही. १९८१ला तो आला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा किताब घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी परत, १९८६ला पुन्हा. त्या १९८६च्या हंगामात २०.५ सॅक, संघाला सुपर बोल (म्हणजे अंतिम सामन्यातला विजय), आणि अख्ख्या लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान. हा मान बचावपटूला मिळणं म्हणजे दुर्मीळातलं दुर्मीळ. त्याच्याआधी १९७१मध्ये मिनेसोटाच्या ॲलन पेजला मिळाला होता, टेलरनंतर आजवर कुणालाच नाही. (हा पेज खेळता खेळता वकील झाला आणि पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून वीसहून जास्त वर्षं बसला. याच्यावर कधीतरी वेगळं लिहायलाच हवं.)

टेलरचे भक्त आकड्यांत अडकत नाहीत, हे त्यांचं चांगलं. ते म्हणतात, त्याच्यामुळे खेळ बदलला. खरंच बदलला. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांनी केवळ त्याला आवरता यावं म्हणून भिंतीशेजारी एक जादा गडी उभा करायची रचना काढली. भिंतीच्या डाव्या टोकाला उभा राहणारा टॅकल, ज्याचं नावही पूर्वी कुणी विचारत नव्हतं, तो पुढे संघातला महागडा माणूस झाला. आणि १८ नोव्हेंबर १९८५ची ती रात्र. टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला मागून पकडून खाली आणलं आणि थाइसमनचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. पुढच्या क्षणी टेलर डोक्याला हात लावून, दोन्ही हात हलवून प्रतिस्पर्ध्यांच्या डॉक्टरांना बोलावतोय. ती चित्रफीत मी एकदाच पाहिली, पुन्हा पाहणार नाही. थाइसमन त्यानंतर कधीच खेळला नाही.

१९८८चा न्यू ऑर्लिन्सचा सामनाही हे लोक तोंडपाठ सांगतात. टेलरच्या खांद्याचा स्नायू फाटलेला, खांदा पट्ट्यांनी जखडलेला, तरी गड्याने तीन सॅक केले. जायंट्स १३-१२ने जिंकले. हे सगळं मान्य. मग माझं घोडं अडतं कुठे?

अडतं ते बाजूवर. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताचे. चेंडू घेऊन मागे सरकताना त्यांचं अंग उजवीकडे वळतं, डावी बाजू पाठीमागे पडते. टेलर यायचा तो बहुतेक वेळा याच आंधळ्या बाजूने. थाइसमनला तो दिसला नव्हता, तो त्यामुळेच. व्हाइट बहुतेक वेळा यायचा समोरच्या बाजूने, जिथे क्वार्टरबॅकचे डोळे लागलेले असतात. शिवाय भिंतीच्या त्याच अंगाला टाइट एंड नावाचा आणखी एक गडी बऱ्याचदा मदतीला असतो. म्हणजे दिसतोय, अडवायला दोघे उभे आहेत, कुठून येणार हेही ठाऊक आहे, आणि तरी तो पोचतोय. ईगल्सकडून आठ वर्षांत १२१ सामने, १२४ सॅक. सामन्यांपेक्षा सॅक जास्त! १९८७ला खेळाडूंचा संप झाला, त्याला जेमतेम १२ सामने मिळाले. त्यात २१.

निवृत्त झाला तेव्हा १९८ सॅकसह तो सगळ्यांच्या वर होता. नंतर बफलोचा ब्रूस स्मिथ २००वर जाऊन थांबला, पण त्याला २७९ सामने लागले, व्हाइटला २३२. व्यावसायिक कारकीर्दीची सुरुवात व्हाइटने मेम्फिसला, यूएसएफएल नावाच्या दुसऱ्याच लीगमध्ये केली होती. तिथले सॅक तर या हिशेबात धरलेलेच नाहीत.

मी मूळची सांगलीची, लहानपणी बाबांबरोबर कुस्त्यांचे फड पाहिलेत. म्हणून असेल, पण व्हाइटचा तो प्रसिद्ध डाव मला पाहताक्षणी आवडला. सुपर बोल ३१, जानेवारी १९९७, न्यू ऑर्लिन्स. तेव्हा तो ग्रीन बेकडून खेळत होता. समोर न्यू इंग्लंडचा मॅक्स लेन. व्हाइट आधी बाहेरच्या बाजूने जोरात दौडतो. लेनला वाटतं, हा वळसा घालून जाणार, म्हणून तोही घाईने त्याच दिशेला सरकतो, आणि त्याचं वजन एका पायावर येतं. त्याच क्षणी व्हाइट आतला हात त्याच्या काखेखाली घालून झटका देतो. ढाक नव्हे, पण त्याच कुळातला डाव. तीनशे पौंडांचा माणूस बाजूला फेकला जातो आणि मधे उरतो एकटा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो. ग्रीन बेच्या डेस्मंड हॉवर्डने नुकतीच ९९ यार्डांची धाव मारून न्यू इंग्लंडची हवा काढली होती, त्यानंतर व्हाइटने सलग दोन वेळा ब्लेडसोला पाडलं. चौथ्या सत्रात तिसऱ्यांदा. वय ३५. यूट्यूबवर हे तुकडे सहज सापडतात. चेंडू कुठे जातोय ते बघू नका, लेनचे पाय बघा.

आमच्या शेजारी फिलाडेल्फियाचे एक निवृत्त बसचालक राहतात, माझ्या वडिलांच्या वयाचे. मुलगा त्यांना घरात ‘फिली आजोबा’ म्हणतो. व्हाइटचं नाव काढलं की त्यांना १९८७चा वॉशिंग्टनविरुद्धचा सामनाच आठवतो. व्हाइटने डग विल्यम्सला धरलं, पाडता पाडता त्याच्या हातातला चेंडूच काढून घेतला आणि थेट ७० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. तो पळत कसा होता हे आजोबा मला अंगणात करून दाखवतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना.

राहिला ‘खेळ बदलला’ हा मुद्दा. इथे जायंट्सवाल्यांची मला खरी गंमत वाटते. कारण हा मुद्दाच व्हाइटच्या बाजूने जातो. १९९३पर्यंत खेळाडूचा करार संपला तरी त्याला मनाजोग्या संघात जायची मोकळीक जवळजवळ नव्हती. मालक सोडेल तरच. त्याविरुद्ध १९९२ला जो दावा दाखल झाला त्यात पहिलं नाव रेजी व्हाइटचं. तडजोड झाली, खेळाडूंना बाजार खुला झाला, आणि पाठोपाठ १९९४पासून संघांच्या पगारखर्चावर मर्यादाही आली. व्हाइट स्वतः चार वर्षांच्या १.७ कोटी डॉलरच्या करारावर ग्रीन बेला गेला. थंडीने गोठलेलं ते छोटं गाव, वर्षानुवर्षं हरणारा संघ, तिथे जायला नामवंत खेळाडू नाक मुरडायचे. हा गेला आणि चौथ्या हंगामात त्यांनी सुपर बोल जिंकला. टेलरमुळे संघांनी गडी उभे करायची पद्धत बदलली. व्हाइटच्या खटल्यामुळे गड्यांना धनी निवडता यायला लागला. यातलं मोठं कुठलं ते तुम्हीच ठरवा.

माणूस म्हणून दोघांनाही देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. टेलरची अमली पदार्थांची प्रकरणं जगजाहीर. व्हाइट तर धर्मोपदेशक, पण १९९८ला विस्कॉन्सिनच्या विधानसभेत त्याने समलिंगी लोकांबद्दल आणि निरनिराळ्या वंशांबद्दल, आम्हा आशियाईंसकट, जे तारे तोडले ते वाचून माझं डोकं फिरलं होतं. मी बोलतेय ते मैदानातल्या माणसाबद्दल. डिसेंबर २००४ला तो गेला, अवघ्या ४३व्या वर्षी.

आमच्या चिरंजीवांना हे सगळं पुराण वाटतं. “आई, ॲरन डोनाल्ड बघ आणि मग बोल.” बघितला. दहा हंगाम, १११ सॅक, तीनदा सर्वोत्तम बचावपटू, आणि हे सगळं भिंतीच्या टोकाला नव्हे, ऐन मधे खेळून, जिथे दोन-दोन, तीन-तीन जण अंगावर येतात. फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटीच्या शेवटच्या संधीला त्याने क्वार्टरबॅक जो बरोला असा धरून फिरवला की चेंडू कसाबसा हवेत गेला आणि सामना संपला. अजून चार-पाच वर्षं खेळला असता तर मला हा लेख वेगळा लिहावा लागला असता. पण त्याने २०२४च्या मार्चमध्ये, जोर असतानाच रामराम ठोकला.

तेव्हा माझा क्रम असा: व्हाइट, टेलर, डोनाल्ड. चौथा पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट. चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याला तो इतका दांडगाईने अडवायचा की १९७८ला लीगने पाच यार्डांपुढे हात लावायलाच बंदी केली. त्याच जागी खेळणारा डिऑन सँडर्स पाचवा. हा क्रम आजोबांना दाखवला तेव्हा पहिलं नाव वाचून खूश झाले. मग दुसरं वाचलं आणि जायंट्सचा माणूस इतका वर कशाला, म्हणून पुन्हा सुरू झाले.