फॅट मशीनवर आकडा येतोय, स्क्रीनवर येईना

कुंथलगिरीच्या खव्यामुळं आमचा भूम तालुका सगळ्यांना माहीत आहे. त्या खव्यामागं गावोगावची दूध संकलन केंद्रं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच केंद्रांचे कॉम्प्युटर दुरुस्तीला माझ्याकडं येतात. पावसाळा लागला की एकच फोन सारखा येतो: "भाऊ, मशीनवर फॅट दिसतंय, कॉम्प्युटर घेईना. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून द्या."

सॉफ्टवेअरला लगेच हात लावू नका. आधी एवढंच बघा, काहीतरी जोडलंय हे तरी कॉम्प्युटरला कळतंय का? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी तिथं दिसते. नजर त्या यादीवर ठेवून मशीनची वायर जिथून कॉम्प्युटरला जाते तो यूएसबी कन्व्हर्टर उपसा आणि परत घाला. यादी हलते की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

फॅट मशीनला, म्हणजे दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनला, नऊ पिनांचा जुना सीरियल पोर्ट असतो, आरएस-२३२. आताच्या कॉम्प्युटरला तो नसतो, म्हणून मधी कन्व्हर्टर लागतो. मला तरी बहुतेक वेळा दोष ह्या कन्व्हर्टरपाशीच सापडतो.

यादी अजिबात हलली नाही तर ड्रायव्हर (कन्व्हर्टर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) शोधत बसण्यात अर्थ नाही. कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागच्या पोर्टात लावून बघा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर. काही ठिकाणी मशीन एका खोलीत आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत असतो, मधी यूएसबीच्या एक्स्टेन्शन जोडत नेलेल्या. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढं नेऊ नये. लांबी हवीच असेल तर सीरियल केबल लांब घ्या, ती १५ मीटरपर्यंत चालते.

यादीत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि त्या नावावर राइट क्लिक करून उघडलेल्या प्रॉपर्टीजमध्ये कोड ४३ आला, तर काहीतरी जोडलंय हे कॉम्प्युटरला कळलंय, "तू कोण?" असं विचारल्यावर समोरून धड उत्तर येत नाही. इथंही आधी वायर, पोर्ट आणि कन्व्हर्टरच तपासायचा.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. हे सगळ्यात सोपं. प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथं व्हीआयडी म्हणजे कंपनीचा आणि पीआयडी म्हणजे वस्तूचा नंबर असतो. व्हीआयडी १ए८६ आणि पीआयडी ७५२३ दिसलं तर कन्व्हर्टरमधली चिप सीएच३४०. ०४०३ आणि ६००१ दिसलं तर एफटीडीआय. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो' म्हणणारे प्रोग्रॅम केंद्राच्या कॉम्प्युटरवर टाकू नका, तिथं लोकांच्या दुधाचा हिशेब असतो.

कोड १० ला, म्हणजे वस्तू दिसते पण सुरूच होत नाही, त्याला मात्र वेळ जातो. एका जुन्या चिपचं असं आहे की विंडोज नवीन झाली की नवा ड्रायव्हर तिला घेतच नाही, आणि यादीत नावाच्या जागी 'ही चिप २०१२ पासून बंद, पुरवठादाराशी बोला' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. केंद्रचालकाला वाटतं वायर गेली. जुना ड्रायव्हर हातानं निवडून काम चालतं, पण विंडोजच्या अपडेटनं तो पुन्हा बदलू शकतो. अशा वेळी मी सरळ कन्व्हर्टर बदलायला सांगतो.

यादीत कन्व्हर्टर कॉम पोर्ट म्हणून नीट दिसतोय आणि तरी आकडा येत नाही, तर त्याच्यापुढचा कॉम नंबर बघा. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्यामुळं दुसऱ्या भोकात घातला की कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि सॉफ्टवेअर बिचारं ३ वरच वाट बघत राहतं. झाडून घेताना कुणी वायर हलवली का, हे मी पहिल्यांदा विचारतो ते यासाठीच.

नंबर जुळूनही काही येत नसेल तर मशीनची केबल सोडवा, कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ३ बारीक तारेनं जोडा, पुट्टी नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो कॉम पोर्ट उघडा आणि काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर कन्व्हर्टर चांगला. आता केबल आणि मशीनचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग, तो सॉफ्टवेअरशी जुळावा लागतो) तपासा.

एवढं खोलात का शिरायचं? आकडा आपोआप आला नाही की केंद्रचालक तो हातानं टाकतो. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो. पॉइंट इकडचा तिकडं झाला की दुधाच्या पगारात फरक पडतो. एका केंद्रावर रांगेतल्या म्हाताऱ्या बाप्पांनी पोराला विचारलं, "आकडा मशीननं घातला का तू?" पोरगं प्रामाणिक होतं, आकडाही बरोबर होता. तरी त्याला उत्तर देता येईना. तिथला कन्व्हर्टर मी त्याच सकाळी बदलला आणि बाप्पांना पुढं बोलवून मशीनवरचा आकडा स्क्रीनवर उतरताना दाखवला.

पावसाळ्यात मशीन आणि कॉम्प्युटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर आधी वायरमन बोलवा, मग मला. आणि मला फोन करायच्या आधी हार्डवेअर आयडीच्या त्या ओळीचा फोटो पाठवा. नुसता ड्रायव्हर टाकायचा असेल तर फोनवरच होऊन जातं.